बॅकग्राउंडला सोडलेल्या टास्कचा मालक कोण?

खडकवासला

नमस्कार मंडळी,

इथे बॅकएंडवाले बरेच जण आहेत म्हणून हा धागा. आमच्या टीमकडे नुकतीच एक पायथनची सर्व्हिस आली आहे, असिंक-आयओवर (अनेक कामं आलटून-पालटून चालवणारी पायथनची लायब्ररी) लिहिलेली. ग्राहकानं ऑर्डर नक्की केली की त्याला लगेच उत्तर जातं आणि मागे तीन कामं सुटतात: बिलाची पीडीएफ बनवायची, ती ईमेल करायची आणि गोदामाच्या सिस्टिमला कळवायचं. तिन्ही कामं क्रिएट-टास्कनं, म्हणजे निकालाची वाट न बघता मागे काम (टास्क) चालू करणाऱ्या फंक्शननं, सोडलेली. एकदा सोडली की त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

आता अडचणी. डिप्लॉय केलं, म्हणजे नवी आवृत्ती चढवली, की काही बिलं जातच नाहीत. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही. डिप्लॉय नसतानाही अधूनमधून एखादं बिल गायब होतं. आणि गोदामाची सिस्टिम मंदावली की टास्क साचत जातात, मेमरी फुगते, आणि त्या वेळी 'जुने टास्क थांबवा' म्हणायला हातात काहीच नसतं.

माझं मत असं की मागे सोडलेल्या प्रत्येक कामाला मालक हवा. मालक म्हणजे कोडमधली अशी एक जागा, जिला काम चालू आहे का हे माहीत असतं, जी ते थांबवू शकते, ते संपेपर्यंत वाट बघू शकते, आणि ते कोसळलं तर जिला कळतं. टीममधल्या काहींना हे अति वाटतं. 'सगळं उचलून क्यूमध्ये (प्रोसेसबाहेर टिकणाऱ्या कामांच्या रांगेत) टाका' असा त्यांचा धोशा आहे. तुम्ही काय करता? कुठल्याही भाषेतले अनुभव चालतील.

टिचकी

डिप्लॉय नसताना गायब होणाऱ्या बिलांबद्दल आधी विचारतो. क्रिएट-टास्क जो टास्क परत देतं, तो तुम्ही कुठल्या व्हेरिएबलमध्ये, सेटमध्ये धरून ठेवता का? नसाल तर चोर तिथेच असण्याची शक्यता मोठी. इव्हेंट लूप, म्हणजे टास्क चालवणारा भाग, टास्कचा फक्त वीक रेफरन्स (वस्तू जिवंत न ठेवणारा दुवा) ठेवतो. दुसरं कोणीच धरून नसेल तर गार्बेज कलेक्टर (बेवारस मेमरी साफ करणारा) चालू टास्कसुद्धा उचलून नेऊ शकतो. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे. कधी कधी 'टास्क वॉज डिस्ट्रॉइड बट इट इज पेंडिंग' अशी ओळ स्टँडर्ड एररवर येते. ती तुमच्या लॉगपर्यंत पोचते का ते बघा.

तात्पुरता उपाय: एक सेट ठेवा, टास्क त्यात टाका, आणि डन-कॉलबॅकमध्ये, म्हणजे टास्क संपला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तो काढून टाका. त्याच कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) आहे का ते विचारून लॉग करा.

नाचणीसत्व

तुमच्या टीममधले क्यूवाले बरोबर आहेत. बिल हे पैशाचं काम. ते एका प्रोसेसच्या मेमरीत ठेवणंच मुळात चूक. मालक कितीही चांगला नेमला तरी वीज गेली, मशीन बसलं, मेमरी संपून कर्नलनं प्रोसेस मारली, की मालकासकट सगळं गेलं.

ऑर्डर डेटाबेसच्या ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जाईल, नाहीतर काहीच नाही) लिहिता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'बिल पाठवायचं आहे' अशी एक रो लिहा. दुसरी प्रोसेस ती उचलेल. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ पासून 'स्किप लॉक्ड' (दुसऱ्यानं धरलेल्या रो वगळणं) आहे, चार वर्कर, म्हणजे कामं उचलणाऱ्या प्रोसेस, एकाच टेबलवरून एकमेकांच्या पायात न येता कामं उचलू शकतात. रॅबिट, काफ्का अशा वेगळ्या क्यू-सिस्टिमच्या मागे लागायचीही गरज नाही.

मिरजमळा

नाचणीसत्व, बिलापुरतं मान्य. पण क्यूमधून काम उचलणारा वर्करसुद्धा शेवटी एक प्रोग्रामच आहे ना? त्यालाही डिप्लॉयच्या वेळी थांबवायचंय. म्हणजे प्रश्न एक घर पुढे सरकला, सुटला नाही.

मी जावावाला, त्यामुळे थोडा इतिहास. सुरुवातीच्या जावात थ्रेडला (एकाच प्रोसेसच्या मेमरीत समांतर चालणाऱ्या कामाला) बाहेरून मारायची सोय होती, स्टॉप नावाची मेथड. ती १.२ मध्येच, म्हणजे १९९८ साली, 'वापरू नका' यादीत गेली. कारण फार महत्त्वाचं आहे: थ्रेड मरताना त्यानं धरलेली सगळी लॉक (एका वेळी एकानंच डेटाला हात लावावा म्हणून लावलेली कुलपं) सुटायची, आणि त्या लॉकआड जो डेटा अर्धवट बदललेला असेल तो तसाच इतरांना दिसायचा. एका खात्यातून पैसे वजा झालेत, दुसऱ्यात जमा व्हायचेत, आणि मधेच थ्रेड गेला. लॉक मोकळं, हिशोब चुकलेला, आणि पुढचा थ्रेड तोच हिशोब खरा धरून चालणार. शेवटी जावा २० मध्ये ती मेथड नुसतं एक्सेप्शन फेकायला लागली. डॉटनेटच्या थ्रेड-अबॉर्टचीही हीच गत, डॉटनेट कोअरमध्ये तो चालतच नाही.

तेव्हापासून सगळ्यांनी धरलेली वाट एकच: बाहेरून मारायचं नाही, 'थांब' अशी विनंती करायची, आणि कामानं आपल्या सोयीच्या ठिकाणी ती मानायची. जावात इंटरप्ट, डॉटनेटमध्ये २०१० पासून कॅन्सलेशन टोकन, गो मध्ये कॉन्टेक्स्ट. नावं वेगळी, करार तोच.

आणि हा करार सर्वांत जास्त कुठे मोडतो सांगू? 'थांब' ही विनंती घेऊन येणारं इंटरप्टेड-एक्सेप्शन पकडून रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये गिळून टाकणाऱ्या कोडमध्ये. एक्सेप्शन फेकलं जातं तेव्हा इंटरप्टचा फ्लॅग पुसला जातो. तुम्ही ते गिळलंत की वरच्या कोणालाच कळत नाही की थांबायचं होतं. एकतर ते वर जाऊ द्या, नाहीतर फ्लॅग पुन्हा लावा. रिव्ह्यूमध्ये मी यावर अडून बसतो.

टिचकी

मिरजमळा, दंडवत. पायथनमध्ये हेच दुखणं होतं. ३.८ च्या आधी कॅन्सल्ड-एरर हा साध्या एक्सेप्शनच्या पोटात होता. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहून लॉग करून पुढे जाणारं लूप कॅन्सलसुद्धा पचवून टाकायचं आणि चालूच राहायचं. ३.८ ला तो बेस-एक्सेप्शनखाली नेला. पण नुसतं 'एक्सेप्ट' आणि कोलन असं लिहिलेलं कोड अजूनही गिळतं. खडकवासला, तुमच्याकडे शोधा, सापडेल.

पिंपळपान

गो वाल्यांकडून हजेरी.

आमच्याकडे तर 'गो' हे दोन अक्षरी कीवर्ड लिहिलं की काम सुटलं. हातात काही परतही मिळत नाही. टास्क नाही, आयडी नाही. अशा सुटलेल्या एका कामाचा, म्हणजे गोरुटीनचा, स्टॅक (कामापुरती मेमरी) सुरुवातीला जेमतेम २ केबी, त्यामुळे लाखभर सुटले तरी सुरुवातीला कोणाला जाणवत नाही. मग एके दिवशी मेमरीचा आलेख चढत जाताना दिसतो. पीप्रॉफ या तपासणीच्या साधनात गोरुटीन प्रोफाइल काढलं की एकाच ओळीवर हजारो अडकलेले. जवळपास दर वेळी तेच: बफर (साठवायची जागा) नसलेल्या चॅनलवर, म्हणजे निरोप द्यायच्या नळीवर, उत्तर पाठवायला गोरुटीन उभा आहे आणि घेणारा टाइमआउट होऊन केव्हाच निघून गेला आहे. घेणारा परत येणार नाही, पाठवणारा हलणार नाही. चॅनलला एकाचा बफर दिला किंवा सिलेक्टमध्ये कॉन्टेक्स्टच्या डनवर नजर ठेवली की सुटतं.

दोन गोष्टी नव्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो.

पहिली. एचटीटीपी रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) परतला की कॅन्सल होतो. त्यामुळे 'उत्तर देऊन टाकू, ईमेल मागून जाईल' म्हणून तोच कॉन्टेक्स्ट गोरुटीनला दिला, तर ईमेल बहुतेक वेळा मधेच मरतं. लोकलला टेस्ट करताना मात्र ईमेल इतकं पटकन जातं की कळतच नाही. गो १.२१ पासून विदाउट-कॅन्सल आहे, त्यानं कॉन्टेक्स्टमधली माहिती राहते आणि रद्द होण्याचं बंधन सुटतं. पण मग स्वतःचा टाइमआउट लावायलाच हवा, नाहीतर ते काम कायमचं मोकाट.

दुसरी. हँडलरमध्ये पॅनिक (गो मधली गंभीर चूक) झालं तर सर्व्हर ते सावरून घेतो. हँडलरनं सोडलेल्या गोरुटीनमध्ये पॅनिक झालं तर अख्खी प्रोसेस कोसळते, बाकीच्या सगळ्या ग्राहकांच्या रिक्वेस्टसकट. त्यामुळे आमच्या टीममध्ये मोकळं 'गो' लिहायला बंदी आहे. एररग्रुप (गोरुटीनच्या गटाची वाट बघणारी लायब्ररी) वापरा, नाहीतर आमचं छोटं वेष्टण वापरा, ज्यात रिकव्हर (पॅनिक सावरणं) आणि मोजणी दोन्ही आहेत.

बंदरावरचा

खडकवासला, तुम्ही ज्याला मालक म्हणताय त्यावर आता चांगला विचार झालेला आहे. स्ट्रक्चर्ड कॉन्करन्सी हे नाव २०१६ मध्ये मार्टिन सुस्ट्रिकनं वापरलं. नॅथॅनिएल स्मिथनं पायथनच्या ट्रायो लायब्ररीत ती कल्पना नर्सरी म्हणून आणली, आणि २०१८ मध्ये मोठा लेख लिहून मांडलं की कुठूनही काम मोकाट सोडून देणं हे जुन्या गोटूसारखंच (कोडमध्ये कुठेही उडी मारायची आज्ञा) आहे. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रानं १९६८ मध्ये गोटूवर जी हरकत घेतली होती तीच इथे लागू पडते: कोड वाचून कळत नाही की आत्ता काय काय चालू आहे.

नियम साधा. ज्या ब्लॉकनं टास्क सुरू केले तो ब्लॉक ते सगळे संपल्याशिवाय संपत नाही. लग्नघरात शेवटची पंगत उठल्याशिवाय यजमान जेवायला बसत नाहीत, तसं. एक टास्क कोसळला तर बाकीच्यांना थांबायला सांगितलं जातं, आणि चूक ब्लॉकच्या बाहेर येते, हवेत विरत नाही.

पायथन ३.११ पासून हे टास्कग्रुप म्हणून आत आलं आहे. जुनं गॅदर (अनेक टास्क एकत्र चालवणारं फंक्शन) वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यात एक टास्क कोसळला तरी बाकीचे चालूच राहतात. स्विफ्टमध्ये ५.५ पासून, कोटलिनमध्ये कोरुटीन-स्कोप. जावात २१ पासून प्रिव्ह्यू म्हणून.

झुंजुमुंजू

यजमानांचं पटलं. पण पंगतीतला एक पाहुणा उठायलाच तयार नसेल तर? आमच्या गावाकडे असे दोघं-तिघं हमखास असतात, जिलेबी संपेपर्यंत पाट सोडत नाहीत. :)

बंदरावरचा

हाहा, तर यजमान उपाशी! आणि गंमत नाही, खरंच तसंच होतं. टास्कनं थांबण्याची विनंती ऐकली नाही तर ग्रुपचा ब्लॉकही अडकतो. कॅन्सल पुढच्या अवेटवरच, म्हणजे काम कशाची तरी वाट बघायला थांबतं तिथेच, पोचतं. मधे अवेटच नसेल, नुसता मोठा हिशोब चालू असेल, तर कॅन्सल दारात उभं.

ओलीचिंब

कोटलिनमध्ये अगदी हेच. लांबलचक लूपमध्ये मधूनमधून एन्शुअर-ॲक्टिव्ह ('रद्द तर झालो नाही ना?') विचारायला लागतं. आणि रन-कॅचिंग (चूक पकडून हातात देणारं फंक्शन) दिसायला गोड, पण ते कॅन्सलेशन-एक्सेप्शनही गिळतं. आवराआवर करताना, म्हणजे फायनलीमध्ये, पुन्हा कुठल्या सस्पेंड फंक्शनला (मधे थांबू शकणाऱ्या) हाक मारलीत तर ते लगेच कॅन्सलेशन-एक्सेप्शन फेकतं, कारण टास्क आधीच रद्द झालेला असतो. तिथे नॉन-कॅन्सलेबलमध्ये गुंडाळावं लागतं. फाइल बंद करणं, सर्व्हरला 'मी निघालो' सांगणं, ही कामं त्यात. लांबलचक काम मात्र तिथे घुसडू नका.

कोरांटी

मी प्रोग्रामिंगमधली नाही, पण धागा वाचतेय. माझ्या फोनवर पावलं मोजणारं ॲप रात्री आपोआप बंद पडतं आणि सकाळी उशिरा जागं होतं. हे असंच काही आहे का?

ओलीचिंब

कोरांटीताई, बरंचसं हेच! तुमच्या बाबतीत मालक म्हणजे फोनच. अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं: फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि हलत नसेल तर ॲपची मागची कामं आणि नेटवर्क रोखून धरायचं आणि मधूनमधून थोडा वेळ द्यायचा. अँड्रॉइड ८ नं मागे चालणाऱ्या सर्व्हिसवर आणखी बंधनं घातली. आता ॲपनं वर्क-मॅनेजरला सांगायचं, 'हे काम एवढ्या एवढ्या वेळानं कर', आणि तेही किमान १५ मिनिटांच्या अंतरानं. नेमकं कधी करायचं ते फोन ठरवतो. काही कंपन्या याहून कडक वागतात. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढून बघा, फरक पडेल.

कोरांटी

काढली. बघते दोन दिवस. धन्यवाद!

अश्मक

वर 'बाहेरून मारणं चूक' असं ठरल्यासारखं दिसतंय. एरलँगमध्ये बरीच वर्षं काम करतो म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एरलँगमध्ये बाहेरून मारणं हा रोजचा व्यवहार आहे, आणि तो सुरक्षित आहे. कारण प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. दुसऱ्याचा डेटा अर्धवट बदलून मरायची सोयच नाही. बोलायचं ते निरोप पाठवून. मिरजमळा यांनी सांगितलेला दोन खात्यांचा घोळ वाटून घेतलेल्या मेमरीमुळे झाला, मारण्यामुळे नव्हे.

वर सुपरवायझर असतो. बंद करायची वेळ आली की तो आपल्या पोरांना, म्हणजे हाताखालच्या प्रोसेसना, ज्या क्रमानं सुरू केलं त्याच्या उलट क्रमानं, थांबायला सांगतो. साध्या वर्करला ठरलेला वेळ मिळतो, काही सांगितलं नसेल तर ५००० मिलिसेकंद. तेवढ्यात उठला तर ठीक, नाहीतर सरळ किल. झुंजुमुंजू यांच्या पाहुण्याला आमच्याकडे हे उत्तर आहे.

टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये जन्मलेली भाषा आहे ही. एक कॉल तुटला म्हणून एक्स्चेंज बंद करून चालत नाही, त्या गरजेतून हे सगळं आलं.

मिरजमळा

अश्मक, हे मान्य. मी थ्रेडबद्दल बोलत होतो, हे स्पष्ट करायला हवं. प्रोसेसला मारता येतं, थ्रेडला नाही, असं म्हणू या. मात्र बाहेरच्या जगाचं काय? डेटाबेसमध्ये अर्धं लिहिलेलं, अर्धा गेलेला एचटीटीपी कॉल, हे एरलँगमध्येही उरतंच.

अश्मक

उरतं. तिथे नाचणीसत्व यांची ट्रान्झॅक्शनच लागते.

रानवारा

डेटाबेसचा विषय निघालाच आहे तर: प्रोग्राममधला टास्क रद्द केला म्हणजे डेटाबेसमधली क्वेरी थांबली असं समजू नका. ड्रायव्हरवर अवलंबून आहे. ॲप सुटलं, ग्राहकाला टाइमआउट दिला, ग्राहकानं पुन्हा बटण दाबलं, आणि पोस्टग्रेसवर तीच जड क्वेरी आता दोनदा चालू आहे. मग तिसऱ्यांदा. सर्व्हर असाच लोळतो. स्टेटमेंट-टाइमआउट डेटाबेसच्याच बाजूला लावा. आणि हातानं थांबवायची वेळ आलीच तर आधी कॅन्सल-बॅकएंड, त्यानं फक्त क्वेरी थांबते. टर्मिनेट-बॅकएंडनं कनेक्शनच जातं.

जावावाल्यांसाठी एक: कम्प्लिटेबल-फ्युचरवर (मागे चाललेल्या कामाचा निकाल धरणारी वस्तू) कॅन्सल(ट्रू) म्हटलं तरी चालू असलेला थ्रेड इंटरप्ट होत नाही. ते ट्रू तिथे काहीच करत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण वाचतो कोण.

पिंपळपान

+१. ते ट्रू बघून कितीतरी लोक निर्धास्त झोपतात.

डोंगरझाडी

खडकवासला यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, डिप्लॉयच्या वेळी हरवणारी बिलं. कुबरनेटिसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर, आहात असं धरतो.

पॉड (तुमची सर्व्हिस चालवणारा कंटेनरचा गट) बंद करताना आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरतं घे' असा सिग्नल, येतो आणि घड्याळ सुरू होतं, काही बदललं नसेल तर ३० सेकंद. तेवढ्यात प्रोसेस संपली नाही तर सिगकिल, म्हणजे जागीच मारणारा सिग्नल, तो अडवता येत नाही. नुसत्या डॉकर-स्टॉपला १० सेकंदच. आता बघायच्या जागा.

सिगटर्म तुमच्या पायथनपर्यंत पोचतोय का? डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) कमांड शेल पद्धतीनं लिहिली असेल तर पहिली प्रोसेस शेल असते आणि ती सिग्नल पुढे देत नाही. मग ३० सेकंद काहीच घडत नाही आणि शेवटी सिगकिल. डिप्लॉयला दर वेळी बरोबर अर्धा मिनिट लागत असेल तर हीच खूण.

पोचत असेल तर पायथन त्याचं काय करतं? कंट्रोल-सी साठी पायथन स्वतः हँडलर लावतं, सिगटर्मसाठी नाही. तुम्ही किंवा तुमच्या वेब सर्व्हरनं हँडलर लावला नसेल तर प्रोसेस जागच्या जागी संपते, किंवा पायथनच कंटेनरची पहिली प्रोसेस असेल तर सिगटर्मकडे दुर्लक्ष होतं आणि शेवटी सिगकिलच येतो. फायनली चालत नाही, लॉगची शेवटची ओळ येत नाही. 'लॉगमध्ये काही नाही' म्हणालात ना, ते इथे जुळतं.

आणि सिगटर्म आल्यावरही काही क्षण नव्या रिक्वेस्ट येत राहतात, कारण पॉडला रिक्वेस्ट घेणाऱ्यांच्या यादीतून काढणं आणि सिग्नल देणं ही दोन कामं एकाच वेळी चालतात. प्री-स्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणारी पायरी) काही सेकंद थांबा. तो वेळ त्या ३० सेकंदांतूनच जातो हे धरून हिशोब करा.

खडकवासला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज दिवसभर टीमबरोबर एकेक मुद्दा ताडून बघितला.

टिचकी, टास्क कुठेच धरलेले नव्हते. गार्बेज कलेक्टरनंच नेले हे सिद्ध करता येणार नाही, पण सेट लावला आणि डन-कॉलबॅकमध्ये लॉग टाकला, तर मेल सर्व्हरनं कनेक्शन नाकारल्याची एक्सेप्शन्स दिसायला लागली. ती इतके दिवस कोणी बघितलीच नव्हती. डोंगरझाडी, कमांड शेल पद्धतीचीच होती. डिप्लॉयला अर्धा मिनिट लागतो हे सगळ्यांना माहीत होतं, का लागतो ते कोणी विचारलं नव्हतं.

आता ठरलं ते असं. बिल आणि गोदामाचा निरोप डेटाबेसच्या टेबलात, ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. नाचणीसत्व, हे तुमचं. वर्करमध्ये टास्कग्रुप, एका वेळी ठरावीकच कामं, प्रत्येकाला टाइमआउट. सिगटर्म आला की नवीन काम उचलायचं नाही, हातातलं २० सेकंदांत संपवायचं, उरलं तर कॅन्सल, रो तशीच राहील आणि दुसरा वर्कर उचलेल. क्यू हवीच, पण क्यूच्या टोकाला मालकही हवा, यावर टीममधले दोन्ही गट आले.

एक गोष्ट अडते. पीडीएफ बनवणारी लायब्ररी असिंक नाही. ती टू-थ्रेडनं वेगळ्या थ्रेडमध्ये चालते, आणि मोठ्या ऑर्डरला मिनिटभरही घेते. कॅन्सल केलं तर?

टिचकी

कॅन्सल केलं तर तुमचा अवेट सुटेल, थ्रेड आपलं काम करतच राहील. शिवाय असिंक-आयओ-रन बंद होताना त्या थ्रेडची वाट बघतं, ३.१२ पासून तिथे पाच मिनिटांची मर्यादा आहे, पण तुमचे ३० सेकंद कधीच उलटलेले असतील. म्हणजे पुन्हा सिगकिल.

अश्मक म्हणाले तेच करा, वेगळी प्रोसेस. पीडीएफ बनवणारी छोटी स्क्रिप्ट सबप्रोसेस म्हणून चालवा. कॅन्सल आलं की फायनलीमध्ये आधी टर्मिनेट, दोन-तीन सेकंद वाट, मग किल, आणि त्यानंतर वेट करायला विसरू नका, नाहीतर झाँबी (मेलेल्या, पण यादीत उरलेल्या प्रोसेस) साचतील. स्क्रिप्टनं फाइल तात्पुरत्या नावानं लिहावी, पूर्ण झाल्यावरच ओएस-रिप्लेसनं खरं नाव द्यावं. दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टिमवर असली की तो बदल एका झटक्यात होतो. मग मधेच मारली तरी अर्धी पीडीएफ कोणाच्या ईमेलला लागणार नाही.

नाचणीसत्व

आणि ईमेल गेलं, पण 'पाठवलं' अशी नोंद करायच्या आत वर्कर मेला, तर तेच बिल पुन्हा जाईल. हे पूर्ण टाळता येत नाही. गोदामाच्या निरोपात ऑर्डरचा नंबर द्या, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला निरोप ते ओळखून सोडून देतील. ईमेलला तशी सोय नाही. अकाउंट्सच्या लोकांशी आधी बोलून ठेवा.

खडकवासला

बोललो. बिल दोनदा गेलेलं चालेल, अजिबात न गेलेलं चालणार नाही, असं त्यांनी मेलवर लिहून दिलं आहे. गोदामाच्या निरोपात नंबर आधीपासून आहे, पण पलीकडे तो तपासतात का ते उद्या विचारतो.